निदानाला लागलेली अडीच वर्षं: एका मुलाच्या बॅटन आजाराचं प्रकरण

मी जनुकीय समुपदेशक आहे. ही नोंद कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बॅटन हा आधी मुलाची नजर आणि मग बुद्धी नेणारा जनुकीय आजार आहे. उपचार नसलेल्या आजाराचं निदान करून उपयोग काय, हा प्रश्न या प्रकरणात डॉक्टरांनी, नातेवाइकांनी आणि एकदा मुलाच्या वडिलांनीही विचारला. त्याचं उत्तर खालच्या घटनाक्रमात आहे असं मला वाटतं.

पार्श्वभूमी

समर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडील साखर कारखान्यात चिटबॉय, म्हणजे शेतकऱ्यांच्या ऊसलागणीच्या नोंदी ठेवणारे. आई अंगणवाडी सेविका. दोघं एकमेकांच्या नात्यातले नाहीत, पण दोन्ही घरांत साटंलोटं झालेलं आहे. समरच्या आत्याचं लग्न त्याच्याच मामाशी झालंय, त्यामुळे तो मामीला आत्या म्हणतो. वंशावळ काढताना माझ्या कागदावर दोन घरांना जोडणाऱ्या दोन रेघा आल्या. त्यातली दुसरी पुढे महत्त्वाची ठरली.

पहिलीत असताना, साडेसहाव्या वर्षी, शाळेतल्या बाईंनी सांगितलं की हा फळ्यावरचं उतरवत नाही आणि वही नाकाला लावतो. चष्मा लागला, फरक पडला नाही. आईच्या लक्षात वेगळंच आलं होतं. बोलताना तो माणसाच्या तोंडाकडे न बघता कपाळाच्या वर, जवळजवळ छताकडे बघायचा. घरचे म्हणायचे, लाजतो. डोळ्याच्या पडद्याचा (रेटिनाचा) मधला भाग निकामी झाला की मूल नजर कलती करून शिल्लक भागाने बघायला शिकतं. असं वर बघणं बॅटनच्या मुलांमध्ये खास नोंदवलेलं आहे, पण ते बघून लगेच आजार ओळखावा इतकी ती पक्की खूण नाही.

पुण्यातल्या रेटिना तज्ज्ञांना मॅक्युला, म्हणजे पडद्याचा हाच मधला भाग, पातळ झालेला आणि त्याभोवती बुल्स-आय म्हणतात तशी कड दिसली. निदान झालं स्टारगार्ट. या वयात मधली नजर जाणाऱ्या मुलांमध्ये तोच आजार जास्त आढळतो, त्यामुळे पहिला अंदाज म्हणून तो चूक नव्हता. मधली नजर हळूहळू जाईल, बाजूची राहील, व्हिटॅमिन एच्या जादा गोळ्या देऊ नका, उन्हात गॉगल वापरा, असा सल्ला मिळाला.

फाइलमधला ईआरजी

सातव्या वर्षी ईआरजी झाला. प्रकाशाचा झोत पडल्यावर पडदा किती विद्युत प्रतिसाद देतो, ते ही तपासणी मोजते. समरच्या अहवालात रॉड (मंद उजेडात बघणाऱ्या) आणि कोन (रंग आणि बारकावे बघणाऱ्या) दोन्ही पेशींचा प्रतिसाद फार कमी होता, आणि आलेखातली दुसरी, बी-लाट पहिल्या ए-लाटेपेक्षा लहान होती. सुरुवातीच्या स्टारगार्टमध्ये नुकसान बहुधा मॅक्युलापुरतं असतं आणि पूर्ण पडद्याचा ईआरजी बऱ्यापैकी शाबूत राहतो. सात वर्षांच्या मुलाचा आलेख इतका खाली जाणं आणि त्यातही बी-लाटच आधी खचणं या निदानाशी जुळत नव्हतं. अहवालाच्या तळाला 'क्लिनिकल को-रिलेशन करावे', म्हणजे रुग्णाच्या लक्षणांशी ताडून बघावे, असं छापलेलं होतं. ते प्रत्येक अहवालावर असतं, म्हणून ते कुणी वाचत नाही. अहवाल फाइलला लागला आणि निदान तसंच राहिलं.

या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू हाच आहे. पडदा हा मेंदूचाच भाग आहे. भ्रूणात तो पुढच्या मेंदूतून बाहेर वाढतो. लहान मुलाची नजर झपाट्याने जात असेल आणि ईआरजी पडलेला असेल, तर पुढचा प्रश्न मेंदूबद्दल असायला हवा: शाळेत मागे पडतोय का, स्वभाव बदललाय का, झोप कशी आहे, कधी झटका आलाय का? आईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. समर रात्री किंचाळून उठायचा, तेच तेच वाक्य बोलायचा, पाढे विसरायला लागला होता. हे सगळं 'दिसत नाही म्हणून चिडतो' या एका वाक्यात बसवलं गेलं होतं.

आठ वर्षांचा होईपर्यंत त्याला समोरची बोटं मोजण्यापुरतंच दिसायचं.

स्टेम सेलचा सौदा

याच काळात एका खासगी केंद्राने स्टेम सेलच्या इंजेक्शनांचे साडेचार लाख सांगितले. वडिलांनी पतसंस्थेत कर्जाची चौकशी केली आणि अर्ध्या एकराचा व्यवहार बोलून ठेवला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांमधलं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा बाकी कुठलाही वापर फक्त मान्यता घेतलेल्या क्लिनिकल चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. व्यवहार मोडला तो मात्र या तत्त्वांमुळे नाही, गळीत हंगाम सुरू होऊन वडिलांना रजा न मिळाल्यामुळे. कधीकधी असंही नशीब असतं.

त्यांनी लक्सटर्नाबद्दलही वाचलं होतं. डोळ्याच्या अनुवांशिक आजारावरच्या या जनुकोपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर. पण तो फक्त आरपीई६५ या एका जनुकातल्या दोषावर चालतो. समरचा दोष कुठल्या जनुकात आहे हे कुणी बघितलंच नव्हतं. जनुकीय तपासणी तेव्हा 'करून काय करणार' या सदरात पडली होती.

पहिली फिट आणि रक्ताची काच

नऊ वर्षं पूर्ण झाल्यावर एका पहाटे फिट आली. वडील रात्रपाळीला होते. आई आणि आजीने शेजाऱ्याच्या टेम्पोतून त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे फिटवरचं फेनिटॉइन सुरू झालं. आठवड्यात आणखी दोन झटके आले, म्हणून त्यांना मोठ्या शहरात बालमेंदूविकार तज्ज्ञांकडे पाठवलं.

त्यांनी एमआरआय बघितला. त्यात फारसं काही नव्हतं. मग जुनी फाइल मागितली, ईआरजीचं पान उघडलं आणि दीडशे-दोनशे रुपयांची तपासणी लिहून दिली: रक्ताचा ताजा स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर), लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये पोकळ्या आहेत का ते बघा.

मला या पूर्ण प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही तपासणी. बॅटन आजार म्हणजे न्यूरोनल सिरॉइड लिपोफ्युसिनोसिस या गटातला बालवयातला प्रकार. दोष सीएलएन३ या जनुकात असतो. या प्रकारात लिम्फोसाइटच्या पेशीद्रव्यात स्वच्छ गोल छिद्रं दिसतात. मशीनवरच्या सीबीसीमध्ये ती कळत नाहीत. काच हाताने बघावी लागते, आणि बघणाऱ्याला काय शोधायचंय ते माहीत असावं लागतं. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ ताईंनी पहिल्यांदा 'नॉर्मल' लिहिलं होतं. पॅथॉलॉजिस्टने काचेच्या पातळ टोकाकडे पुन्हा पाहिलं, तर बऱ्याच लिम्फोसाइट पोकळ्यांनी भरलेल्या निघाल्या.

आजाराची मुळं जुनी आहेत. नॉर्वेतल्या रोरोस या खाणीच्या गावात स्टेंगेल या डॉक्टरने १८२६ मध्ये चार भावंडांची दृष्टी जाऊन पुढे बुद्धीही गेल्याची नोंद केली होती. बॅटन हे नाव १९०३ मध्ये असं कुटुंब वर्णन करणाऱ्या ब्रिटिश डॉक्टरवरून आलं. जनुक सापडलं १९९५ मध्ये. या जनुकाचं प्रथिन पेशीतल्या लायसोसोमच्या, म्हणजे टाकाऊ द्रव्य मोडणाऱ्या पिशवीच्या पडद्यात बसलेलं असतं. ग्लिसेरोफॉस्फोडायएस्टर नावाचे रेणू त्या पिशवीतून बाहेर काढायला ते लागतं, हे २०२२ मध्ये दाखवलं गेलं. ते नसलं की पिशव्या तुंबतात. त्याचा फटका डोळ्याच्या पडद्याच्या आणि मेंदूच्या पेशींना सगळ्यात आधी बसतो. साधारण क्रम असा: चार ते आठच्या दरम्यान नजर, दहाच्या आगेमागे झटके आणि स्मरण, पुढे बोलणं आणि चालणं. बहुतेक मुलं विशी-पंचविशीच्या आसपास जातात.

निदानाचा पहिला व्यावहारिक उपयोग त्याच दिवशी झाला. फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिनने या आजारातले झटके वाढू शकतात, म्हणून फेनिटॉइन हळूहळू कमी करून व्हॅल्प्रोएट सुरू केलं. महिन्याभरात झटके बरेच कमी झाले.

एकच दोष सापडलेला अहवाल

एक्सोम तपासणीला, म्हणजे जनुकांमधला प्रथिनांचा मजकूर वाचायला, रक्त गेलं आणि कुटुंब माझ्याकडे आलं. अहवाल यायला पाच आठवडे लागले. सीएलएन३ मध्ये आईकडून आलेला एक रोगकारक बदल सापडला होता, पण दुसरा नव्हता. आजार अप्रभावी पद्धतीने येतो, त्यामुळे दोन्ही प्रती बिघडलेल्या असायला हव्यात. प्रयोगशाळेचा निष्कर्ष: 'वाहक, निदान अनिर्णित'.

अहवाल घ्यायला आले तेव्हा आई म्हणाली, "मॅडम, अजून एक सांगायचं होतं. मला दिवस गेलेत." नववा आठवडा होता.

त्या क्षणापासून वेळ महत्त्वाची झाली. होणाऱ्या बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. सीव्हीएस, म्हणजे वारेच्या नमुन्याची तपासणी, अकरा ते चौदा आठवड्यांत होते. पण दोन्ही दोष माहीत नसतील तर नमुन्यात शोधायचं काय? सीएलएन१ किंवा सीएलएन२ असतं तर विकर (एन्झाइम) मोजून काम भागलं असतं. सीएलएन३ चं प्रथिन विकर नाही, त्यामुळे तसं मोजमाप नाही.

पर्याय चार होते. पहिला, काही न करता वाट बघायची. आजीचा कल तिकडे होता आणि तिला गप्प करणं माझं काम नव्हतं. दुसरा, होल जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनएची तपासणी करायची. उत्तर मिळण्याची शक्यता चांगली, पण अहवाल सीव्हीएसच्या मुदतीनंतर आला असता आणि निर्णय गर्भजलाच्या तपासणीवर, म्हणजे आणखी पुढे गेला असता. २०२१ च्या सुधारित गर्भपात कायद्याने वीस ते चोवीस आठवड्यांची सोय ठरावीक गटांपुरती आणि दोन डॉक्टरांच्या मताने आहे. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तरच, वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने. कायद्याने शक्य आहे म्हणून बाईने तिथपर्यंत थांबावं असं मला वाटत नाही. पाचव्या महिन्यात बाळ हलतं. तिसरा, समरच्या नमुन्यावरून जनुकाभोवतीच्या खुणा जुळवून अंदाज बांधायचा, म्हणजे लिंकेज. हे जमतं, पण मूळ निदान शंभर टक्के पक्कं असेल तरच. चौथा सगळ्यात स्वस्त: एक्सोमची कच्ची माहिती आधीच प्रयोगशाळेत होती, ती पुन्हा वाचायला लावायची.

चौथ्यावर भर दिला आणि तिसऱ्याची तयारी बाजूला ठेवली. कारण साधं. एक्सोमचं नेहमीचं विश्लेषण बदललेली अक्षरं छान पकडतं. जनुकाचा तुकडाच गळाला असेल तर तो निसटू शकतो. सीएलएन३ मध्ये अशी गळती नवी नाही. युरोपीय वंशाच्या रुग्णांत सगळ्यात जास्त सापडणारा दोष म्हणजे सुमारे एक हजार अक्षरांची गळती, ज्यात सातवा आणि आठवा एक्झॉन, म्हणजे जनुकातले प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे, जातात. मी प्रयोगशाळेला लिहिलं की रक्ताच्या काचेवर पुरावा आहे, दुसरा दोष असणारच, प्रत्येक एक्झॉनवर वाचनं किती पडलीत, म्हणजे मशीनने तो तुकडा किती वेळा वाचला, ते बघा.

चार दिवसांत उत्तर आलं. शेजारच्या दोन एक्झॉनवर वाचनांची संख्या निम्मी होती, म्हणजे एका प्रतीत ते नव्हतेच. वडिलांच्या रक्तात तीच गळती सापडली, वेगळ्या पद्धतीने खात्री झाली. तेरावा आठवडा सुरू होता.

पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रात सीव्हीएस झाली. निकालात बाळाकडे आईचा दोष होता, वडिलांचा नव्हता. वाहक, म्हणजे आजार नाही. पण नेमका हाच निकाल सगळ्यात जास्त तपासून घ्यावा लागतो. वारेच्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या असतील तर आईचा दोष दिसतो आणि वडिलांचा झाकला जातो. म्हणून मिसळीची चाचणी होईपर्यंत आम्ही फोन केला नाही. तीन दिवस आई रोज विचारत राहिली. चाचणीत मिसळ निघाली नाही, मगच सांगितलं. बाळ आता वर्षाचं आहे.

मिलासेन आणि वडिलांचा प्रश्न

निदान पक्कं झाल्यावर वडिलांनी रात्र-रात्र मोबाइलवर शोध घेतला. बॉस्टनमध्ये मिला नावाच्या मुलीसाठी बनवलेल्या औषधाची गोष्ट त्यांना सापडली. तिला याच गटातला सीएलएन७ प्रकार होता. तिचाही दुसरा दोष नेहमीच्या तपासणीतून सुटला होता, होल जीनोममध्ये सापडला आणि फक्त तिच्यासाठी मिलासेन हे औषध तयार झालं. २०१८ च्या सुरुवातीला ते तिला दिलं. झटके कमी झाले, पण २०२१ मध्ये ती गेली.

"एका मुलीसाठी करता येतं, तर याच्यासाठी का नाही?"

उत्तर सोपं नव्हतं, पण स्पष्ट होतं. मिलाच्या जनुकात एक जादा तुकडा घुसला होता. औषधाने पेशीला तो तुकडा ओलांडायला लावलं. समरच्या एका प्रतीतले दोन एक्झॉनच नाहीत, आणि दुसऱ्या प्रतीत मजकूर मध्येच थांबतो. युरोपीय गळतीसाठी असं औषध उंदरांवर चालल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं, पण समरची गळती वेगळी आहे. सीएलएन२ साठी दर पंधरवड्याला मेंदूच्या पोकळीत द्यायचं विकर २०१७ पासून आहे. ते सीएलएन३ ला लागू नाही. सीएलएन३ वर जनुकोपचार आणि मिग्लुस्टॅट या औषधाच्या चाचण्या परदेशात झाल्या, पण मान्यता मिळालेला उपचार आज नाही. दुर्मीळ आजार धोरणातलं अर्थसाहाय्य उपचारासाठी असतं. इथे उपचारच नसल्याने त्या दारातही फारसं काही नव्हतं.

एका संशोधन गटाला त्वचेचा नमुना हवा होता. यातून समरला फायदा नाही, हे पहिल्या वाक्यात सांगितलं. आयसीएमआरच्या नियमांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी अनुमती घ्यावी लागते. समरने विचारलं, "सुई आहे का?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "एकदाच असेल तर चालेल." त्याच्या शब्दांत अनुमतीची नोंद केली आहे.

शाळा आणि ब्रेल

ब्रेल शिकवायचं की नाही, यावर घरात आणि शाळेत मतभेद झाले. पुढे विसरणारच असेल तर कशाला, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. आमचं मत उलटं होतं: शिकण्याची ताकद आत्ता सगळ्यात जास्त आहे, म्हणून आत्ताच. विशेष शिक्षिका आठवड्यातून दोनदा येऊ लागल्या. समरला ब्रेलपेक्षा ऐकून पाठ करणं आवडतं आणि त्या त्याच्या कलाने घेतात. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड फक्त अंधत्वाचं न काढता दीर्घकालीन मेंदूविकारही नोंदवून घेतला, म्हणजे पुढे चालणं मंदावलं की सगळं नव्याने सुरू करायला नको.

काय वेगळं करता आलं असतं

ईआरजी आणि स्टारगार्ट जुळत नाहीत हे दिसल्यावर सातव्या वर्षी रक्ताची काच बघितली असती, तर निदान दोन वर्षं आधी झालं असतं. नजर वाचली नसती. पण स्टेम सेलसाठी जमीन विकायची वेळ आली नसती, पहिल्या फिटला योग्य औषध मिळालं असतं, आणि पुढच्या बाळाचा निर्णय गरोदर राहण्याआधी, घाई न होता झाला असता. मुलाच्या पडद्याच्या आजारात जनुकीय तपासणी सुरुवातीलाच लिहावी, हा आग्रह मी आता प्रत्येक रेटिना क्लिनिकमध्ये धरते. सगळ्यांना तो पटत नाही. खर्चाचा मुद्दा खरा आहे. पण स्मिअरला खर्चाची सबब चालत नाही.

दुसरी गोष्ट अहवालाच्या भाषेची. 'वाहक, निदान अनिर्णित' असं लिहिताना गळती तपासली की नाही, हे प्रयोगशाळेने त्याच ओळीत लिहायला हवं. या कुटुंबाने तो अहवाल घेऊन घर गाठलं असतं तर त्यांना निदान चुकलं असंच वाटलं असतं.

आत्याचा प्रश्न

साटंलोट्याची दुसरी रेघ इथे येते. समरच्या वडिलांची गळती त्यांच्या बहिणीकडे असण्याची शक्यता निम्मी, आईचा दोष तिच्या भावाकडे असण्याचीही निम्मी. आत्या आणि मामाला चार वर्षांची मुलगी आहे. त्या हिशोबाने तिला आजार असण्याची शक्यता सोळात एक.

वडील सुरुवातीला ठाम होते: तिकडे काही सांगायचं नाही, दोन्ही घरं मोडतील. माहिती त्यांची होती, ती त्यांच्या परवानगीशिवाय मी देऊ शकत नव्हते. मी एवढंच सुचवलं की दोघांपैकी एकाची तपासणी आधी करा. एकाकडे दोष नसला तर विषय तिथेच संपतो. दिवाळीत समरच्या आईने भावाला स्वतःच सांगितलं. मामा तपासणीला आला. तो वाहक निघाला, आणि सोळात एकची शक्यता आठात एक झाली.

आता आत्याच्या रक्तावर सगळं अडलंय. ती नको म्हणते. ती वाहक निघाली तर मुलीची शक्यता चारात एक होते, आणि त्या मुलीला आज काहीच त्रास नाही. निरोगी लहान मुलाची, उपचार नसलेल्या आजारासाठी आधीच तपासणी करू नये असा साधारण संकेत आहे, आणि मुलीची तपासणी आम्ही सुचवलेलीही नाही. पण आत्याला दुसरं मूल हवं आहे. ती मला फोनवर म्हणाली, "ताई, दुसरा चान्स घ्यायचा झाला तर आधी मी येईन. तोवर विचारू नका." पुढची फाइल त्या दिवशी उघडेल. तोपर्यंत मामाच्या अहवालाची प्रत त्याच्याकडे आहे, आणि गरोदर राहिल्यावर नाही तर त्याआधी यायचं, एवढं दोघांनाही माहीत आहे.